बोधचिन्हातले मामा

"जावयबापू, पडदा कितीला उघडायचा हाय?" मामांनी विचारलं आणि पुरणाचा घास माझ्या घशात अडकला.

मी पाटावर बसलो होतो. समोर केळीचं पान, पानाभोवती रांगोळी, बाजूला अनारशांनी भरलेलं ताम्हन आणि त्यावर तुपाचा दिवा. अधिक महिना होता. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, त्याला धोंड्याचं जेवण म्हणतात. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार. जावई त्या दिवशी साक्षात विष्णूचं रूप असतो, त्यामुळे तो नको म्हणाला तरी त्याचं कुणी ऐकत नाही. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, मी तोंड उघडलं की त्यात काहीतरी जाईल अशा बेतानं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

"सहा वाजता," मी कसाबसा घास गिळून म्हणालो.

"मग पाचलाच निघू. दोरी ओढायची म्हंजे हात जरा मोकळा करून घ्याय पाहिजे." असं म्हणून मामांनी डावा हात खांद्यातून दोनदा फिरवला.

माझी बायको अनुराधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला सकाळपासून पाठ होता. जेवण व्हायच्या आत तुम्ही स्वतः अण्णांना, म्हणजे मामांना, सांगायचं, चारचौघांत त्यांना कळता कामा नये, आणि नाही सांगितलंत तर परत जाताना माझ्या शेजारी बसू नका.

सांगायचं होतं ते एवढंच. संध्याकाळी मामा ज्या पडद्याची दोरी ओढणार होते त्यामागे ‘सांगली शूटर्स’ या आमच्या बास्केटबॉल संघाचं नवं बोधचिन्ह होतं. ते मी काढलं होतं आणि त्यात मामा नव्हते.

मी चित्रकलेचा मास्तर. शाळेत चित्रकलेच्या मास्तरला दोन कामं असतात. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे राहिला की त्यांना आपला तास द्यायचा, आणि स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे. त्यामुळे राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलची लीग सुरू झाली, हळदीचे व्यापारी अजितशेठ मगदूम यांनी सांगलीचा संघ विकत घेतला आणि "मास्तर, एक झकास लोगो काढा" म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. अडचण एकच होती. बास्केटबॉल खेळणारा माणूस मी आयुष्यात नीट बघितलेला नव्हता. पण माझ्या सासऱ्यांचा त्या खेळात एकेकाळी दबदबा होता, असं लग्न ठरल्यापासून ऐकत होतो.

मामा, म्हणजे रंगराव सावर्डेकर, वीज मंडळात लाइनमन होते. दिवसभर तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढायचे आणि संध्याकाळी मैदानावर स्वतःचा आकडा टाकायचा. त्यांचा तो फटका गावात याच नावानं ओळखला जायचा. रिंगकडे पाठ करून उभं राहायचं, अर्धं वळायचं आणि डावा हात डोक्यावरून फिरवून चेंडू सोडायचा. लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचं डावं कोपर मोडलं होतं. हाडवैद्यानं ते बसवलं, पण थोडं वाकडंच बसवलं. त्या वाकड्या कोपरातून निघालेला चेंडू कुणाला अडवता येत नसे.

त्या आकड्याची एक गोष्ट होती आणि ती मी निदान शंभर वेळा ऐकली असेल. नागपूरला राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना. समोर नागपूरचाच संघ. सांगली एका गुणानं मागे, आणि वेळ संपत आलेली. मिरजेच्या इस्माईल मुजावरनं चेंडू दिला, मामा वळले आणि त्यांनी आकडा टाकला. एवढं सांगून मामा चहाचा कप उचलायचे आणि ऐकणारे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचो. जावयानं वाजवायच्याच असतात.

तर मामांना मी त्यांच्या गच्चीवर उभं केलं. हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे, डाव्या हातात चेंडू. एक पाय वर. तसं उभं राहायचं तर तरणाबांड गडीही पाच मिनिटांत खाली बसला असता. मामा माझं रेखाटन होईपर्यंत हलले नाहीत, आणि त्यानंतर आठवडाभर तर त्यांना हलताच आलं नाही, कारण कमरेत उसण भरली होती. पण चित्र उतरलं. हळदीच्या पिवळ्यावर काळी आकृती, वाकडं कोपर, बोटांच्या टोकावर चेंडू. पोट मी वगळलं होतं. मामींनी चित्र बघून हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर मामांचा दिवसच त्या चित्रावर उगवू लागला. स्कूटरवर ते, टोपीवर ते, थोरल्या नातीच्या बारशाच्या पेढ्यांच्या खोक्यावर ते. सामन्याला गेले की मोठ्या फ्लेक्सच्या बरोबर खाली उभे राहायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ताडून बघता यावं. कुणी बघितलं नाही तर हात वर करायचे. निवृत्त माणसाला गावात कोण विचारतं? मामांना विचारत होते, निदान हात वर केल्यावर तरी.

अजितशेठचा उत्साह हळदीच्या भावाबरोबर उतरला आणि संघ एका शिक्षणसंस्थेच्या दादांकडे गेला. दादांना बोधचिन्हात उघडं पुस्तक हवं होतं, समई हवी होती आणि संस्थेचं दातेरी चाक तर हवंच होतं. पुस्तक खाली ठेवलं तर विद्येचा अपमान होतो आणि वर ठेवलं तर चेंडूला जागा उरत नाही, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी पुस्तक मध्ये आलं आणि मामा कमरेपर्यंत राहिले. मी धास्तावत त्यांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "पायाचं काय काम हाय त्यात? आकडा वरनंच टाकत्यात." मामी म्हणाल्या की नाहीतरी गुडघे दुखतातच.

पुढे संघ पुण्याच्या एका बिल्डरनं घेतला. त्याला सगळं ‘सुटसुटीत’ पाहिजे होतं. पुस्तक, समई, चाक तर गेलंच, पण मामांचं डोकं आणि धडही गेलं. निळ्या लाटेवर, म्हणजे कृष्णेच्या पाण्यावर, फक्त एक हात आणि चेंडू राहिला. फ्लेक्स लागल्यावर दोघा-तिघांनी कुणीतरी बुडतंय म्हणून फोन केले. सांगलीच्या माणसाला नदीतून वर आलेला हात दाखवायचा म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला कुठून कळणार? लाट काढली आणि हात राहिला.

मामांनी तेही गोड मानून घेतलं, पण या वेळी इस्माईलभाईंनी खोडी काढली. ते मिरजेत चौकात बसून सांगू लागले की नुसता हात आहे, तो कुणाचाही असू शकतो, माझासुद्धा असू शकतो. मामांनी ते फारच मनाला लावून घेतलं. त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन डाव्या कोपराचा एक्स-रे काढून आणला, आणि पुढच्या सामन्याला फ्लेक्सखाली उभं राहून तो उजेडात धरला. एक्स-रेतलं हाड आणि चित्रातला हात, दोन्ही एकाच जागी तितकेच वाकलेले. बघायला गर्दी जमली. इस्माईलभाईंनी हार मानली आणि मामांना उसाचा रस पाजला. तो एक्स-रे मामा पुढे कायम जवळ बाळगायचे.

आणि आता संघ मुंबईच्या एका कंपनीकडे आला होता. ही कंपनी मोबाइलवरून जेवण घरपोच द्यायची. तिच्यातर्फे मृण्मयी नावाची एक हुशार मुलगी आली होती. तिनं आधीची तिन्ही बोधचिन्हं टेबलावर मांडली, बराच वेळ बघितली आणि मोबाइलवर तिसरं चिन्ह नखाएवढं करून माझ्यापुढे धरलं.

"सर, खरं सांगा, हे काय दिसतं?"

मी चष्मा पुसून बघितलं. शेवग्याची शेंग दिसत होती. जेवणाच्या कंपनीला ते चाललंही असतं, पण मृण्मयीला चालणार नव्हतं. हात काढायचा, फक्त चेंडू ठेवायचा, असं ठरलं. मी कोपराबद्दल बोललो, परंपरेबद्दल बोललो, शेवटी सासऱ्यांबद्दलही बोललो. ती मनापासून हळहळली आणि म्हणाली की मग आपण आजोबांनाच पडदा उघडायला बोलावू या, त्यांना किती छान वाटेल. मी काही म्हणायच्या आत तिनं मामांना फोन लावलासुद्धा.

म्हणून मी त्या दिवशी पाटावर बसलो होतो, चार हातांच्या देवाचं रूप म्हणून माझी पूजा चालली होती, आणि सासऱ्यांचा राहिलेला एकुलता एक हात मी कालच पुसून टाकला होता.

"मामा, एक बोलायचं होतं," मी म्हणालो.

"आधी जेवा," मामी म्हणाल्या आणि पानात आणखी एक धोंडा पडला.

तो संपवून मी पुन्हा सुरुवात केली. नव्या कंपनीची पद्धत जरा वेगळी आहे, असं म्हणालो. मामा म्हणाले, लई चांगली पद्धत हाय, आजवर कुठल्या मालकानं मला दोरी ओढायला बोलावलं होतं? मी म्हणालो, आजकाल सगळं लहान करतात. ते म्हणाले, करू देत की, पाय गेले, धड गेलं, मी काय बोललो का, कोपर हाय तोवर मी हाय. मग त्यांनी आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक्स-रे आणला आणि माझ्या पानाशेजारी ठेवला. नव्या मालकांना दाखवायला बरोबर घेतला होता.

मी धोंडे खात राहिलो. माणूस भीतीनं किती जेवू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मामी इतक्या खूश झाल्या की जावई पहिल्यांदाच पोटभर जेवला म्हणून त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारून सांगितलं. हात धुवायला उठलो तर अनुराधा नळाशी उभी होती.

"सांगितलंत?"

"सांगणारच होतो."

"अहो, पण मग?"

"तुझ्या आईनं वाढलं."

तिनं टॉवेल माझ्या हातात न देता दोरीवर टाकला आणि ती आत निघून गेली.

साडेचारला इस्माईलभाई मिरजेहून आले. दोघांनी जुना निळा कोट चढवला होता. त्याच्या खिशावर मामांनी शिंप्याकडून पहिलं बोधचिन्ह, पायांसकट, भरून घेतलं होतं. इस्माईलभाईंच्या कोटावरही मामाच होते, पण आता त्यांची त्याला हरकत उरली नव्हती. रिक्षात मी पुढे बसलो. मागे दोघे म्हातारे, मामी आणि अनुराधा असे चौघं दाटीवाटीनं बसले होते, आणि मामा डावा हात रिक्षाबाहेर काढून मोकळा करत होते. रिक्षावाला दोनदा म्हणाला की काका, हात आत घ्या. मी सबंध रस्ताभर वाक्य जुळवत होतो. स्टेडियमच्या फाटकाशी ते जुळलं. मी उतरून मामांचा हात धरला आणि म्हणालो, "मामा, त्या पडद्यामागं..."

एवढ्यात मृण्मयी पुढे आली, तिनं मामांच्या पाया पडून त्यांना फेटा बांधायला नेलं.

मैदान भरलं होतं. संघाची उंचच उंच पोरं रांगेत उभी होती. मृण्मयीनं माईकवरून नव्या चिन्हाचा अर्थ आधीच वाचून दाखवायला सुरुवात केली, कारण कंपनीनं तो मुंबईत कुणाकडून तरी लिहून घेतला होता. गोल म्हणजे एकत्र जेवणारं कुटुंब, नारिंगी रंग म्हणजे भूक, तिरक्या रेषा म्हणजे शहरातले रस्ते आणि त्या रस्त्यांवरून वेळेत पोचणारी आमची सेवा. मी तो चेंडू काढला तेव्हा माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. मी आपला पहिल्या चित्रातला चेंडू होता तसा उचलला होता. रेषा तिरक्या होत्या, कारण गच्चीवर मामांनी तो तसाच धरला होता.

मामांनी दोरी ओढली. डाव्या हातानं ओढली.

पडदा खाली आला. पांढऱ्या फलकावर एक मोठा नारिंगी चेंडू होता. बाकी काही नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामा फलकाकडे तोंड करून उभे होते, त्यामुळे मला त्यांची फक्त पाठ आणि फेट्याचा शेमला दिसत होता. त्यांनी मान जरा डावीकडे केली, मग उजवीकडे. फलकाच्या कडेला कुठेतरी हात असेल, म्हणून बघत असावेत. मी पुढे जायला निघालो, तर अनुराधानं माझी बाही धरली. "आता नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मृण्मयीनं माईक मामांच्या हातात दिला. दोन शब्द बोला, असं म्हणाली.

मामा वळले. तोंड उतरलं होतं, पण माईक हातात आला की या माणसाला एकच गोष्ट येत होती. त्याच गोष्टीनं त्यांनी सुरुवात केली. नागपूर, अंतिम सामना, एक गुण मागे, इस्माईलनं चेंडू दिला. शब्द सगळे नेहमीचे आणि नेहमीच्या जागी होते. "आन मी वळलो," ते म्हणाले, "आन आकडा टाकला."

नेहमीप्रमाणे ते तिथं थांबले आणि नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. इथं चहा यायचा. चहा नव्हता, म्हणून असेल, मामा पुन्हा फलकाकडे वळून बघू लागले. आजवर गोष्ट जिथं थांबायची तिथं त्यांचा हात असायचा आणि त्या हातात चेंडू असायचा. आता चेंडू एकटाच वर राहिला होता. टाळ्या विरल्या तरी ते बघतच राहिले. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. इस्माईलभाई माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी एकदम माझा गुडघा घट्ट धरला.

"आता बोलतंय बघा ते," ते हळूच म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

मामांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. "तो बॉल गेला न्हवता," ते म्हणाले.

शिट्ट्या मारणाऱ्या पोरांची बोटं तोंडातच राहिली.

"रिंगवर आदळला, दोनदा नाचला आन भाईर पडला. एका गुणानं हरलो आम्ही. इस्माईलला ठाव हाय. बाकीची पोरं आता न्हाईत. मी कुणाला खोटं सांगितलं न्हाई, पण खरंबी सांगितलं न्हाई. टाकला एवढंच सांगायचो, मग लोक टाळ्या वाजवायचे, मग म्होरलं सांगाय तोंड उचलायचं न्हाई." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "जावयबापूंनी माझं चित्र काढलं, त्यातबी बॉल हातातच. मला लई बरं वाटायचं. हातात हाय तोवर चुकला न्हाई. पाय गेले, धड गेलं, म्हटलं जाऊ द्या, हात तेवढा ऱ्हाऊ दे. आज बघतोय तर हातबी न्हाई. काढला त्यांनी."

सगळं मैदान माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. खरं तर कुणालाच मी कोण ते माहीत नव्हतं.

"बरं केलं," मामा म्हणाले. "इतकी वर्षं धरून हात दुखाय लागला होता. सुटला एकदाचा."

त्यांनी माईक मृण्मयीला परत दिला आणि फेटा काढून काखेत धरला. मग संघाचा कप्तान, त्रिवेंद्रमहून आलेला तो ताडमाड पोरगा, ज्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पुढे झाला आणि त्यानं मामांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. त्यामागून सगळा संघ आला. टाळ्या कुठून सुरू झाल्या ते आठवत नाही, पण त्या नेहमीच्या टाळ्या नव्हत्या. मी वाजवत होतो आणि मला रडू येत होतं. जावई म्हणून वाजवत नव्हतो, हे मला स्वतःलाच नवं होतं.

मृण्मयी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "सर, हे आपल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं." मी म्हणालो, माझ्याही नव्हतं. पण पोरगी खरंच हुशार. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या पत्रकातून कुटुंब, भूक आणि रस्ते गेले आणि नव्या चिन्हाचा अर्थ एका ओळीत आला, की चेंडू सुटला आहे. मुंबईच्या लोकांना तो फार आवडला म्हणे. कुणी लिहिला असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं वीज मंडळातल्या एका निवृत्त लाइनमननं, असं सांगितलं.

परत निघताना इस्माईलभाईंनी बाहेर रस्त्यावर मामांच्या पाठीत एक गुद्दा घातला. म्हणाले, "रंग्या, चित्रात आता नुसता बॉल हाय. बॉल मी दिलता. म्हंजे आता मी हाय त्यात." मामा म्हणाले, ऱ्हा बाबा, तू ऱ्हा आता. इस्माईलभाई हसत हसत मिरजेच्या बसला गेले.

रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चौघं चालत निघालो. अनुराधा माझ्या शेजारून चालत होती, म्हणजे मला माफी झाली होती, निदान परत जाईपर्यंत. मामा-मामी आमच्यापुढे दोन पावलं होते. मामांचा डावा हात नुसताच खाली लोंबत होता. मामी मैदानापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या आणि मामांना तेच खुपत असावं, कारण ते सारखे बाजूला बघत होते. पानपट्टीच्या उजेडापाशी त्यांनी घसा साफ केला.

"तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले. "लग्नाच्या बोलणीतबी तसंच सांगितलं होतं आमच्या लोकांनी. आकडा टाकला म्हणून."

"मला ठाव होतं," मामी म्हणाल्या.

मामा जागच्या जागी थांबले. आम्हीही थांबलो.

"कवापासनं?"

"तुमी मला बघाय यायच्या आधीपासनं. आमचा दादा नागपूरला रेल्वेत न्हवता का? सांगलीची पोरं आल्यात म्हणून मॅच बघाय गेलता." मामी चालतच राहिल्या होत्या, मामांना त्यांच्याबरोबर राहण्यासाठी पावलं उचलावी लागली. "त्यानंच घरी येऊन सांगितलं. म्हणाला, शेवटचा बॉल त्या डावखुऱ्या पोराच्या हातनं चुकला, पण त्यानं आधी समोरच्या सगळ्यांच्या हातात हात दिला, आन मग भाईर जाऊन एकटाच रडला. असल्या पोराला बहीण द्याय हरकत न्हाई म्हणाला."

मामांनी काखेतला फेटा हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "येवढी वर्षं मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी सांगताना तिथंच थांबायचा," मामी म्हणाल्या. "मग मीबी थांबायची."